दारातला प्राजक्त आणि ‘दुःखी झाड’

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तुमच्या अंगणातल्या फुलाच्या नावाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. अबोली, सुरंगी, म्हार्दोळच्या जाया यांच्याबद्दल पत्रं येतील अशी माझी अटकळ होती. आली ती बहुतेक प्राजक्ताबद्दल. दिवसच त्याचे आहेत म्हणा. श्रावणापासून जे सडे पडायला लागतात ते पार दिवाळी उलटेपर्यंत. साखळीच्या एका पत्राने मी बेचैन झाले, कारण त्यात एका झाडाच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत लांब उत्तर.

माई, सप्रेम नमस्कार. आमच्या घराच्या पायऱ्यांना लागून प्राजक्ताचं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं. त्या आता नाहीत. यंदा चवथीला भाचा मुंबईहून आला. त्याने मोबाईलवर झाडाचा फोटो काढून नाव शोधलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘दुःखी झाड’ असा आहे. त्या दिवसापासून घरात कुजबुज चालू आहे. मोठे भावोजी म्हणतात, असल्या नावाचं झाड दारात नको, दिवाळीआधी काढून टाकू. मला ते तोडवणार नाही. हे नाव खरंच तसं आहे का? कोणी ठेवलं?
– एक वाचक, साखळी

ताई, झाडाला हात लावू देऊ नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश.

भाच्याने वाचलं ते बरोबर आहे. प्राजक्ताचं शास्त्रीय नाव ‘निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस’. पहिला शब्द ग्रीकवरून आला: निक्स म्हणजे रात्र आणि अँथोस म्हणजे फूल. रात्री फुलणारं. दुसरा भाग लॅटिन: आर्बर म्हणजे झाड, ट्रिस्टिस म्हणजे दुःखी, उदास. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं देणारा आपला मोठा ग्रंथ काढला, त्यात हे नाव आहे. पण भावोजींना पुढची गोष्ट सांगा. ‘दुःखी झाड’ ही लिनियसची कल्पना नव्हे. तो कधी भारतात आला नाही. हे नाव त्याच्याही जवळजवळ दोनशे वर्षं आधी छापलं गेलं होतं आणि ते छापलं गेलं आपल्या गोव्यात.

पणजीला चर्चच्या खालच्या चौकात पालिकेची बाग आहे. तुम्ही तिथे बाकावर बसला असाल. त्या बागेला गार्सिया द ओर्ता याचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि १५६८ साली इथेच वारला. मूळ घराणं ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती झालेलं. इथल्या वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारून विचारून त्याने औषधी वनस्पतींची माहिती गोळा केली आणि १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात तिचं पुस्तक छापून घेतलं. छापण्याची कला गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. पुस्तक सगळं संवादात आहे. रुआनो नावाचा एक पाहुणा विचारतो आणि ओर्ता उत्तर देतो. प्रश्नोत्तराचं सदर लिहिणाऱ्या मला त्याच्याबद्दल जवळीक वाटते ती यामुळेही.

त्या पुस्तकात एक प्रकरण आहे ‘आर्व्होरे त्रिस्ते’ या झाडावर. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ तोच, उदास झाड. ओर्ता सांगतो की हे झाड फक्त रात्री फुलतं, गोव्यात त्याला ‘परिझाताको’ म्हणतात आणि मलय लोक ‘सिंगादी’ म्हणतात. परिझाताको! पोर्तुगीज कानाने ऐकलेला आपला पारिजातकच तो. सिंगादीचा माग मलय भाषेत आजही लागतो. तिथे प्राजक्ताला ‘सेरी गाडिंग’ म्हणतात, त्यातल्या गाडिंगचा अर्थ हस्तिदंत.

आणि मग तो इथे ऐकलेली एक कथा देतो. परिझाताको नावाचा एक मोठा सरदार होता. त्याची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने तिचा स्वीकार केला आणि नंतर दुसरीसाठी तिला सोडून दिलं. तिने जीव दिला. या देशाच्या रीतीप्रमाणे तिचं दहन झालं आणि त्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून याची फुलं सूर्याला पाहू शकत नाहीत, तो येण्याआधी गळून जातात.

ही कथा तुम्ही राजकन्येची म्हणून ऐकली असेल. माझ्या आजीने मला ती फुलं वेचता वेचता सांगितली. तिच्या कथेत सरदार नव्हता, राजा होता, आणि मुलीचंच नाव पारिजातका होतं. साडेचारशे वर्षांत एवढाच फरक.

तर ओर्ताने त्या कथेसकट झाडाचं नाव लिहिलं. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियस या मोठ्या वनस्पतितज्ज्ञाने त्याच्या पुस्तकाचा लॅटिन गोषवारा अँटवर्पला छापला. ‘आर्व्होरे त्रिस्ते’चं लॅटिन झालं ‘आर्बर ट्रिस्टिस’. युरोपातले वैद्य ओर्ताला वाचत होते ते बहुतेक याच लॅटिन पुस्तकातून. पुढे १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेला लिन्स्खोटेन नावाचा डच माणूस, इथल्या आर्चबिशपचा चिटणीस, त्यानेही आपल्या प्रवासवर्णनात या झाडाबद्दल लिहिलं आणि तेही याच नावाने. लिनियसच्या हातात पोचेपर्यंत नाव रुळलेलं होतं. त्याने ते तसंच ठेवलं आणि पुढे ‘रात्रीचं फूल’ जोडलं.

आता तुम्हीच बघा, उदास कोण आहे यात? कथेतली मुलगी. झाड नाही. कुणाला तरी एका पहाटे या फुलाचं गळणं पाहून एका फसवल्या गेलेल्या मुलीची आठवण झाली आणि तिच्यासाठी ही कथा रचली गेली. ती मनात ठेवणारी आपलीच माणसं. गावातल्याच कोणा वैद्याने किंवा घरकाम करणाऱ्या बाईने ती ओर्ताला सांगितली असेल. त्यात अपशकुन कुठे आला? अपशकुनी झाडाची फुलं आपण देवाला वाहिली असती का? श्रावणात प्राजक्ताच्या फुलांची लाखोली वाहायचा नेम करणाऱ्या बायका मी फोंड्याच्या देवळांतून पाहिल्या आहेत. पहाटे कंदील घेऊन परडी भरायला निघायच्या. तुमच्या सासूबाईंनी झाड पायऱ्यांना लागून लावलं ते उगाच नव्हे. पहाटे दार उघडल्याबरोबर वास यावा आणि फुलं वेचायला चिखलात उतरावं लागू नये, म्हणून जुन्या बायका ते तिथेच लावत.

ओर्ताचं पुढे जे झालं ते मात्र खरोखर दुःखाचं आहे. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. गोव्यातल्या एका झाडाची आठवण ज्याने जगभर पोचवली, त्याची राखही या मातीत राहू दिली नाही. त्या बागेत जाल तेव्हा नावाची पाटी वाचा.

आणखी एक नाव भावोजींना सांगण्यासारखं आहे, कारण ते सरळ आपल्या माणसांच्या तोंडचं आहे. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला. तो ॲम्स्टरडॅमला १६७८ पासून १६९३ पर्यंत छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. कोचीला वसलेल्या गोमंतकीय सारस्वतांपैकी हे. त्यांनी कोंकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलं आहे. त्याच पहिल्या खंडात प्राजक्त आहे, मल्याळी नावाने: ‘मंज-पू-मरम’, म्हणजे पिवळ्या फुलाचं झाड. ब्राह्मणांचं, म्हणजे कोंकणी लोकांचं, नावही तिथे दिलेलं आहे. कोचीच्या कोंकणीत अशा शब्दांच्या शेवटी अजून ‘उ’ ऐकू येतो, त्यामुळे पारिजातकाचं रोमन लिपीत झालं ‘पारियातिकु’. १७६३ साली फ्रान्सच्या आदाँसोंने ते उचललं आणि या झाडाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव म्हणून तेच ठेवलं: पारियातिकु! लिनियसचं नाव दहा वर्षं आधीचं, आणि आधीच्या नावाचा मान पहिला असा शास्त्राचा नियम, म्हणून ते टिकलं नाही. पण वनस्पतींच्या नामावल्यांत ‘निक्टँथिस’च्या खाली पर्यायी नाव म्हणून ते आजही नोंदलेलं असतं. घरात सगळ्यांसमोर हेही वाचून दाखवायला भाच्याला सांगा.

झाडाने पायऱ्यांवर सावली धरली असेल, शेवाळ धरत असेल, तर बहर सरल्यावर फांद्या छाटा. प्राजक्त छाटणी चांगली सोसतो. बुंधा राहू द्या.

प्राजक्त आणि पारिजात एकच की वेगळे? आमच्या वाड्यावर एक भटजी सांगतात की समुद्रमंथनातून निघालेला पारिजात तो हाच. दुसरे एक शिक्षक म्हणतात की स्वर्गातला वेगळा, हा साधा. दोघांचा वाद दर वर्षी होतो.
– एक वाचक, म्हापसा

शब्द एकच आहेत. पारिजातक बोलता बोलता पारजातक झाला, अक्षरं एकमेकांत सरकली आणि मराठीत प्राजक्त स्थिरावला. दोन्ही बरोबर. मी बोलताना प्राजक्त म्हणते आणि पूजेच्या वेळी नकळत पारिजातक म्हणते. तुमच्याकडेही तसंच होत असेल.

पारिजात या शब्दाची फोड जुन्या टीकाकारांनी अशी केली: ज्याला पार आहे, म्हणजे पलीकडचा तीर आहे, तो ‘पारी’ म्हणजे समुद्र. त्यातून जन्मला तो पारिजात. मंथनाच्या कथेशी हे नेमकं जुळतं, इतकं की कथेवरूनच फोड सुचली असावी असं मला वाटतं.

आता वाद. मला इथे शिक्षकांची बाजू घ्यावी लागेल, भटजींनी राग मानू नये. अमरकोशात पाच देवतरू सांगितले आहेत: मंदार, पारिजातक, संतान, कल्पवृक्ष आणि हरिचंदन. हे स्वर्गवर्गात. पण त्याच अमरकोशाचा वनौषधिवर्ग उघडा: ‘पारिभद्रे निम्बतरुर्मन्दारः पारिजातकः’. इथे पारिजातक हे पारिभद्राचं नाव आहे, आणि पारिभद्र म्हणजे आपला पांगारा! तोच काटेरी, शिशिरात पानं झडल्यावर लालभडक फुलणारा. कुळागरात मिरवेल चढवायला आपण जो लावतो तो पांगारो. संस्कृत कोशांत पारिजात शब्दाचा पृथ्वीवरचा पहिला अर्थ बहुधा पांगारा असाच मिळेल.

विष्णुपुराणात कृष्ण आणि सत्यभामा इंद्राच्या बागेत पारिजात पाहतात तेव्हा त्याचं वर्णन आहे. सुगंधी मंजऱ्यांचे झुबके, तांबूस कोवळी पालवी, सोन्यासारखी साल. आपल्या अंगणातल्या प्राजक्ताची साल राखाडी असते, पानं खरखरीत. वास तेवढा जुळतो. पांगाऱ्याला पालवी आणि रंग शोभेल पण वास नाही. म्हणजे पुराणातलं झाड दोघांपैकी कोणाशीच पूर्ण जुळत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. ते स्वर्गातलं होतं. पुराणच सांगतं की कृष्ण गेल्यावर ते परत स्वर्गात गेलं.

मग प्राजक्ताला हे नाव का मिळालं? माझं मत सांगते. पांगाऱ्याची फुलं कितीही देखणी असली तरी त्यांचा सडा पहाटे अंगणात घमघमत नाही. सत्यभामेच्या दारात झाड आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा आपल्या दशावतारात, कीर्तनात आणि ओव्यांत शिरली तेव्हा तिला असं झाड हवं होतं ज्याची फुलं आपणहून, रोज, गडग्यापलीकडे पडतात. पांगाऱ्याने ते काम केलं नसतं. शेजाऱ्याच्या बाजूला झुकलेला प्राजक्त आणि त्यावरून चाललेली हक्काची कुरबुर ज्या गावाने पाहिली नाही असं गाव गोव्यात नसेल. लोकांनी कथेला आपलं झाड दिलं, झाडाला कथेतलं नाव मिळालं. कोशापेक्षा अंगण भारी पडलं.

मंदाराचंही असंच झालं. संस्कृतात तो पांगारा, मराठीत मात्र मंदार म्हटलं की लोक पांढरी रुई दाखवतात. गणपतीला वाहतात ती. तो विषय पुन्हा कधीतरी.

उत्तर प्रदेशच्या यात्रेत बाराबंकीजवळ किंतूर गावी ‘पारिजात वृक्ष’ दाखवला. केवढा प्रचंड बुंधा! कुंतीशी त्याचा संबंध सांगतात. आमच्या घरचा प्राजक्त तेवढा कधी होईल?
– एक वाचक, मडगाव

होणार नाही. किंतूरचं झाड गोरखचिंच आहे, मूळ आफ्रिकेतलं, ज्याला बाओबाब म्हणतात ते. त्याची फुलं मोठी पांढरी, तीही रात्री उमलतात. श्रद्धेने त्याला पारिजात म्हटलं जातं, म्हणजे हा तिसरा पारिजात झाला. प्राजक्त लहानखुरा वृक्ष आहे, पुष्कळदा झुडपासारखाच राहतो. तुमच्या घराला त्याच्यापासून धोका नाही.

माई, आमच्या नातीचं नाव शेफाली ठेवलं. जावई बंगालकडचे, त्यांनी सुचवलं. अर्थ विचारला तर ‘तुमचा प्राजक्त’ असं म्हणाले. नाव गोड आहे पण अर्थ नीट कळला तर बारशाच्या फोटोखाली लिहीन म्हणते.
– एक आजी, काणकोण

आजी, जावयांनी अगदी खरं सांगितलं. संस्कृत शेफालिका, तिचं बंगालीत शेफाली आणि आणखी मऊ होऊन शिउली. शरद ऋतूत, दुर्गापूजेच्या तोंडावर, तिथेही असेच सडे पडतात. शिउली पडायला लागली की बंगाली माणसाला पूजेचे वेध लागतात. पश्चिम बंगालचं ते राज्यफूल आहे.

शेफालिकेची फोड संस्कृत कोशकारांनी फार सुंदर केली आहे. ‘शेफाः शयनशालिनः अलयो यत्र’, म्हणजे जिच्यात भुंगे झोपी जातात ती. भाषाशास्त्रज्ञ ही फोड मान्य करतील असं मी म्हणणार नाही, पण बारशाच्या फोटोखाली लिहायला याहून चांगलं काय मिळणार? एक मात्र सांगून ठेवते. अमरकोशात शेफालिका हे नाव निर्गुंडीलाही आहे. उद्या कोणी विद्वान तसं म्हणाला तर घाबरू नका. निर्गुंडीही घरोघरी उपयोगी पडणारी.

एकाच फुलाकडे कोणी कसं पाहिलं ते नावांतून दिसतं, म्हणून थोडी आणखी देते. तमिळमध्ये पवळमल्ली, पवळं म्हणजे पोवळं आणि मल्ली म्हणजे मोगरा-जाईच्या जातीचं फूल. त्यांची नजर त्या केशरी देठावर गेली. हिंदीत हरसिंगार, देवाचा शृंगार. श्रीलंकेत सेपालिका, म्हणजे तुमच्या नातीचंच नाव. तिथे देठांच्या रंगात भिक्षूंची चीवरं रंगवत. थायलंडमध्ये याला कण्णिका म्हणतात, आपल्या संस्कृत कर्णिकारावरून, आणि तो कर्णिकार आपल्याकडे भलतंच झाड. कांचनबुरी या प्रांताचं ते फूल आहे. लिनियसनेही १७६७ साली याच झाडाला चुकून दुसऱ्यांदा नाव दिलं होतं, ‘स्काब्रिता’, खरखरीत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. पानांना हात लावून बघा, कळेल. ती पानं सुकवून लाकूड घासायला वापरत असत.

कोणी देठ पाहिला, कोणी रात्र पाहिली, कोणी पान चाचपलं. रात्रीचा वास आणि सकाळचा सडा दोन्ही एका शब्दात आणणारं नाव मला कुठल्याच भाषेत सापडलेलं नाही. नातीचं नाव त्यातल्या त्यात जवळ जातं. भुंगा झोपतो तो फुलाच्या कुशीत, आणि झोपायची वेळ रात्रीची.

जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही म्हणतात. मग प्राजक्त कसा चालतो?
– एक विद्यार्थिनी, डिचोली

बाळ, छान विचारलंस. प्राजक्ताचं आणि ओवळाचं, म्हणजे बकुळीचं, फूल पडलेलंच घ्यायचं अशी रीत आहे. झाड हलवून पाडायचं नाही, तोडायचं तर नाहीच. कारण सरळ आहे. बाकीची फुलं पडतात ती कोमेजून पडतात. प्राजक्त ताजा असतानाच पडतो. संध्याकाळी उमलतो, रात्रभर वास देतो आणि उजाडताना पाकळ्या नळीसकट देठातून सुटतात. पांढरी, सुवासिक, लांब नळीची अशी रात्रीची फुलं असतात ती पतंगांना बोलावण्यासाठी. दिवसा त्यांचं काम नसतं. तू विज्ञान शाखेला जाणार असशील तर एक गोष्ट करून बघ. पाकळ्या मोज. पाच, सहा, सात, कधी आठही सापडतील, एकाच झाडावर. जाईच्या आणि ऑलिव्हच्या कुळातलं हे झाड, पण पाकळ्यांच्या संख्येत एवढं मोकळं. आणि कोवळी फांदी दोन बोटांत फिरव. ती गोल नसते, चौकोनी असते.

पूर्वी झाडाखालची जागा शेणाने सारवून ठेवत, म्हणजे सडा स्वच्छ जागी पडे. आता अंगणाला लाद्या झाल्या. संध्याकाळी जुनं धुतलेलं लुगडं किंवा चादर पसरली तरी चालतं. पाऊस असेल त्या दिवशी मात्र लाल मातीचे शिंतोडे उडतातच, तेव्हा फुलं हलक्या हाताने पाण्यातून काढावीत. चोळू नयेत, लगेच काळवंडतात.

देठांचा रंग निघतो असं तुम्ही एकदा लिहिलं होतं. तो करायचा कसा? खायला चालतो का? आणि बी रुजत घातलं तर रोप होतं का?
– एक वाचक, कुडचडे

रंग निघतो आणि तो फार गोड निघतो. देठाच्या त्या केशरी नळीत जे द्रव्य आहे ते क्रोसेटिनच्या जातीचं, म्हणजे केशरात जे असतं त्याच घराण्यातलं. गोव्यातले लोक या देठांनी जेवणाला रंग आणतात असं ओर्तानेही लिहून ठेवलं आहे. माझ्या माहेरी गोड शिऱ्यात चिमूटभर टाकत. वास येत नाही, रंग येतो, आणि जास्त टाकलं तर कडवटपणा येतो. त्यामुळे चिमूटच. औषध म्हणून काही घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारा, माझ्या सांगण्यावरून पानांचा काढा पिऊ नका.

कापडासाठी असं करा. सकाळी फुलं वेचून पांढऱ्या पाकळ्या वेगळ्या काढा, नळ्या सावलीत सुकवा. उन्हात वाळवल्या तर रंग तिथेच उडून जातो. पुरेशा साठल्या की कोमट पाण्यात भिजत ठेवा, मग मंद आचेवर थोडं उकळा आणि गाळून घ्या. रेशमावर हा रंग उत्तम बसतो, सुतावर फिका. आधी तुरटीच्या पाण्यातून कापड काढलं तर जरा जास्त टिकतो. तरीही तो उन्हाने आणि धुण्याने उतरणारा रंग आहे. पुस्तकाची वेष्टणं, देवाचं छोटं वस्त्र, राखीचा दोरा, असल्या गोष्टींना वापरा. नेसायच्या साडीला नको.

बी रुजतं. चपटी, पैशासारखी गोल फळं धरतात, प्रत्येकात दोन बिया, कप्पे वेगवेगळे. फळ झाडावर तपकिरी होऊ द्या, हिरवं तोडू नका. ताजी बी जूनच्या पहिल्या पावसात पिशवीत टोचा आणि पाणी साचू देऊ नका. फांदीही पावसाळ्यात लागते, पण बियांचं झाड सरळ वाढतं. जागा उन्हाची निवडा. चिऱ्याच्या गडग्याला अगदी खेटून लावू नका, नाहीतर अर्धी फुलं पलीकडच्या घरात जातील. शेजार चांगला असेल तर खुशाल लावा.

साखळीच्या ताईंना माझी विनंती आहे की झाडाचं काय ठरलं ते मला नक्की कळवा. भावोजींचा होकार आला नसेल तर हा अंक त्यांच्या हातात द्या, आणि त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांचंही पत्र मला येऊ द्या. पुढच्या महिन्यात सुरंगीच्या नावाबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरं देईन.